बोगद्याचं तोंड कुठे उघडणार?

मी दक्षिण इंग्लंडमधल्या अँडोव्हरला राहते आणि बदली फार्मासिस्ट म्हणून काम करते. ज्या औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट रजेवर, त्या दिवशी तिथे मी. एम्सबरी, मिअर, विनकँटन, कधी पार योव्हिल. ही सगळी गावं ए३०३ या एकाच रस्त्याच्या आजूबाजूला आहेत. त्यामुळे या रस्त्याबद्दल, आणि स्टोनहेंज या हजारो वर्षांपूर्वीच्या उभ्या दगडांच्या वर्तुळाजवळ तो बोगद्यात घालायच्या योजनेबद्दल, माझी ठाम मतं आहेत आणि ती मी कुणी विचारली नाहीत तरी सांगते. घरच्यांचे कान किटले, म्हणून आता इथे लिहितेय.

लंडनकडून डेव्हन-कॉर्नवॉलला सुट्टीला जाणारी निम्मी जनता शुक्रवारी दुपारी याच रस्त्यावर उतरते. टपावर सर्फबोर्ड, मागे सायकली, आत भांडणारी मुलं. एम्सबरीच्या काउंटेस राउंडअबाउटपर्यंत जायला दोन लेन, यायला दोन, मध्ये दुभाजक, सगळं सुरळीत. पुढे चढ लागतो आणि दोनाची एक लेन होते. किंग बॅरो रिजवरची झाडं मागे पडली की उजव्या हाताला अचानक स्टोनहेंज. रस्त्यापासून फक्त १६५ मीटर. आधीच मुंगीच्या पावलांनी चाललेल्या रांगेत प्रत्येक जण मान उजवीकडे वळवतो आणि ब्रेकवर पाय ठेवतो. सरासरी काढली तर दिवसाला २४ हजारांच्या आसपास गाड्या, आणि रस्ता त्याच्या जवळपास निम्म्यांसाठी केलेला. वाहतूक तुंबते ती दगड बघण्यामुळे कमी, लेन संपल्यामुळे जास्त. पण शिव्या दगडांनाच बसतात.

१६५ मीटर म्हणजे काय, ते आपल्याकडच्या मापाने सांगते. भारतात केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीशिवाय काही करता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीने हे कायद्यातच आलं. आपल्याकडे नियम किती पाळले जातात यावर मी इथे बोलत नाही, तो वेगळा लेख होईल. पण तो नियम लावला तर हा महामार्ग परवानगी लागणाऱ्या पट्ट्यात येतो.

माझे सासरे, नाना, सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. ते इथे आले तेव्हा त्यांना स्टोनहेंज दाखवायला नेलं. तिकीट माणशी वीस पाउंडांच्या वर. नानांनी मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि म्हणाले, "अगं, दिसले ना दगड रस्त्यावरून! पंढरपूरला रांग मोठी असली की आम्ही कळसाचं दर्शन घेऊन परततोच की. कळस दिसला म्हणजे पांडुरंग पावला."

मी हट्टाने तिकिटं काढली, पण त्यांचं वाक्य डोक्यात राहिलं, कारण बोगद्याच्या विरोधातला एक मुद्दा नेमका तोच होता. रस्ता जमिनीखाली गेला की हे फुकटचं कळसदर्शन बंद. मग दगड फक्त तिकीट काढणाऱ्यांचे आणि आडवाटेने चालत येणाऱ्यांचे. हा मुद्दा अगदीच हलका नाही. सेसिल चब नावाच्या सॉल्झबरीच्या बॅरिस्टरने १९१५ साली लिलावात स्टोनहेंज ६,६०० पाउंडांना विकत घेतलं आणि १९१८ मध्ये देशाला देऊन टाकलं. देताना अट घातली: तिकीट एका शिलिंगाच्या वर नको. आसपासच्या लोकांना फुकट प्रवेश मिळाला तो नंतरच्या एका करारातून. शिलिंगाची अट शिलिंगाबरोबरच गेली. स्थानिकांना फुकट प्रवेश अजून आहे, पण अँडोव्हर पडतं हँपशरमध्ये, त्यामुळे आमच्या वाट्याला कळसच.

आता बोगदा. योजना अशी होती की एम्सबरीपासून बेरविक डाउनपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा रस्ता दोन-दोन लेनचा करायचा आणि त्यातला ३.३ किलोमीटरचा भाग दगडांच्या जवळून बोगद्यात घालायचा. वर पुन्हा गवत, मेंढ्या आणि शांतता. ऐकायला इतकं छान की विरोध करणारे वेडे वाटावेत. आणि वर्तमानपत्रंही विरोधकांचे फोटो छापायची ते पांढऱ्या झग्यातल्या ड्रुइड पंथीयांचेच. नॅशनल ट्रस्ट, हिस्टॉरिक इंग्लंड आणि स्टोनहेंज सांभाळणारी इंग्लिश हेरिटेज, वारसा जपणाऱ्या या तिन्ही संस्था बोगद्याच्या बाजूने. मग विरोध कशाला?

नानांनी नकाशा बघितला आणि चष्मा कपाळावर चढवून एकच विचारलं, "याचं तोंड कुठे उघडतंय?"

सगळी मेख तिथेच आहे. १९८६ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलं ते नुसते दगड नाहीत. दगड, भोवतालचे शेकडो मातीचे थडगे-उंचवटे, जुने मिरवणुकीचे मार्ग, आणि उत्तरेला एव्हबरीचा परिसर, असं सगळं मिळून. हा रस्ता जिथून जातो तिथे वारसा क्षेत्राची रुंदी पाच किलोमीटरांहून जास्त आहे. बोगदा ३.३ चा. म्हणजे तो क्षेत्राच्या आतच बाहेर येणार. पूर्वेचं तोंड काउंटेसकडे, आणि पश्चिमेचं लाँगबॅरो राउंडअबाउटच्या अलीकडे. पश्चिमेला तोंडापासून पुढे जवळपास एक किलोमीटर, सात-आठ मीटर खोल, दोन्हीकडे उभ्या भिंतींचा खंदक आणि त्यातून चार लेन. आधीच्या आराखड्यात तर हे तोंड हिवाळ्यातल्या मावळतीच्या सूर्याच्या रेषेवरच येत होतं. ज्या रेषेवर दगड मांडलेत, त्याच रेषेवर! ओरड झाल्यावर २०१७ मध्ये तेवढं हलवलं.

"पोट कुणाला दिसत नाही," नाना म्हणाले, "बोगद्याचं सगळं राजकारण तोंडाशी असतं." घाटातले रस्ते करण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

लार्कहिलच्या लष्करी वसाहतीच्या बाजूने एक कच्चा रस्ता दगडांजवळून जातो. सगळ्यांना मोकळा, तिकीट नाही. आम्ही तो धरून ए३०३ ओलांडून दक्षिणेला नॉर्मंटन डाउनच्या उंचवट्यांपर्यंत गेलो. ओलांडून म्हणजे अक्षरशः दोन ट्रकांमधली फट बघून पळत. पलीकडे गेल्यावर टेकाडांची ओळ दिसते, त्यातलं एक बुश बॅरो. १८०८ मध्ये तिथे एका माणसाच्या सांगाड्याबरोबर शंकरपाळ्याच्या आकाराचा सोन्याचा पत्रा सापडला होता, त्यावरची नक्षी इतकी बारीक की अजून लोक भिंग घेऊन बघतात. वरून मात्र काही नाही, नुसता गवताळ ढीग आणि सशांची बिळं. सशांनी उकरलेली माती पांढरीशुभ्र. नानांनी एक खडा उचलला आणि बुटाच्या टोकावर रेघ ओढली. रेघ उमटली. "हा तर शाळेतला खडू! आमच्या काळ्या पाषाणाला सुरुंग लावून घाम फुटायचा. हा नखाने निघेल. पण पाणी धरून ठेवत असणार, यात पाण्याशी गाठ आहे."

पाण्याशी गाठ होतीच. एम्सबरीजवळ ब्लिक मीड नावाचा झरा आहे. तिथे बकिंगहॅम विद्यापीठाच्या डेव्हिड जॅक्स यांच्या खोदकामात स्टोनहेंजच्या कित्येक हजार वर्षं आधीच्या शिकारी माणसांच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या: गारगोटीची हत्यारं, रानगव्यासारख्या प्रचंड ऑरॉक्स बैलांची हाडं. ती टिकली ती ओल्या चिखलामुळे. बोगद्यामुळे भूजल खाली गेलं तर चिखल सुकणार आणि आतलं सगळं कुजणार, ही भीती. सरकारी अभियंते म्हणत होते की पाण्याला काही होणार नाही. जॅक्स म्हणत होते, खात्री कशी देता?

तिसरी गोष्ट शेतातल्या मातीची, आणि मला ती सगळ्यात पटते. स्टोनहेंजच्या आसपासची माणसं हजारो वर्षांपूर्वी जिथे बसली, हत्यारं घडवली, मेजवान्या केल्या, तिथे आज बांधकाम उभं नाही. आहेत ते नांगराच्या मातीत विखुरलेले गारगोटीचे तुकडे. रस्त्यासाठी ही माती उकरायची तेव्हा ती सगळी चाळणार नाहीत, नमुन्यापुरती थोडीच चाळणार. माइक पार्कर पीअरसन यांच्यासारखे, आयुष्य याच भागात खोदण्यात घालवलेले पुरातत्त्वज्ञ याच कारणासाठी विरोधात उभे राहिले. २०२० मध्येच जवळच्या डरिंग्टन वॉल्सभोवती दोन किलोमीटरांहून मोठ्या वर्तुळात खोल खड्ड्यांची मालिका सापडल्याचं जाहीर झालं. जगात सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या जागांपैकी एक, आणि एवढं मोठं काम आजवर नजरेतून सुटलेलं. मग खंदकाच्या जागेत काही नाही, हे कोण छातीठोकपणे सांगणार?

खडूच्या डोंगरात रस्ता कापला की कसा दिसतो, ते बघायला मला लांब जावं लागत नाही. विंचेस्टरजवळ ट्वायफर्ड डाउनमधून एम३ मोटारवे १९९४ मध्ये पुरा केला. त्याच्याआधी तिथे तरुण पोरं तंबू ठोकून, यंत्रांसमोर आडवी पडून लढली. गंमत अशी की तिथे विरोधकांची मागणी बोगद्याची होती! खर्च परवडत नाही म्हणून सरकारने नाही म्हटलं आणि डोंगर चिरला. साउथॅम्प्टनला जाताना मी त्या पांढऱ्या चिरेतून जाते. तीस वर्षं झाली, खाच तशीच आहे.

हे सगळं एका बाजूचं झालं. एम्सबरीत काउंटरवर उभी असते तेव्हा दुसरी बाजूही समोर येते, आणि ती वर्तमानपत्रात येते त्याहून चिडलेली असते. विंटरबोर्न स्टोक हे पश्चिमेचं खेडं, महामार्ग गावाच्या मधून जातो. तिथल्या एक आजी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला येतात. त्यांच्या घराच्या भिंतीपासून ट्रक हातभर अंतरावरून जातो. बोगद्याच्या योजनेत त्यांच्या गावाला बायपास मिळणार होता. "लंडनचे लोक सही करतात," त्या म्हणाल्या, "आणि खिडक्या माझ्या थरथरतात." सही म्हणजे विरोधाची ऑनलाइन याचिका. तिच्यावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या, जगभरातून. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीनेही केली होती, तिने ए३०३ जन्मात पाहिलेला नाही.

जवळच्याच श्रूटन गावच्या लोकांचं दुखणं निराळं. दगडांना खेटून जाणारा ए३४४ हा दुसरा रस्ता २०१३ मध्ये बंद करून त्यावर गवत लावलं. तिथे आता खरंच सुंदर वाटतं, जुना मिरवणूक मार्ग पुन्हा दगडांना जोडला गेला. पण ए३०३ तुंबला की गाड्या श्रूटनच्या बोळांत घुसतात. या गावांतल्या लोकांनी बोगद्याच्या बाजूने गट काढला, सभा घेतल्या. त्यांना वारसा नको आहे असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राहणारी माणसं ती.

मी म्हणते ते असं: बोगदा करायचाच तर तोंडं वारसा क्षेत्राच्या बाहेर उघडतील एवढा लांब करा, नाहीतर करू नका. युनेस्कोची समितीही साधारण हेच सांगत होती. लांब बोगद्याला पैसे जास्त लागतात हे मान्य. पण जमीन वाचवायची म्हणून बोगदा करायचा आणि त्याच जमिनीत खंदक खणायचा, हे मला कधीच समजलं नाही.

आणि पैशांचा हिशोब तर आणखी मजेदार. २०१९ मध्ये इथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने तपासलं तेव्हा आकडा निघाला असा की खर्च केलेल्या दर पाउंडामागे परत मिळणार १.१५ पाउंड. बेताचंच. पण या लाभात वाहतुकीचा वेळ वाचण्याचा वाटा लहान. सगळ्यात मोठा वाटा होता 'सांस्कृतिक वारशा'चा. म्हणजे लोकांना सर्व्हेत विचारलं की दगडांजवळचा रस्ता हटवायला तुम्ही किती द्याल, आणि त्या उत्तरांची बेरीज करून लाभाच्या रकान्यात टाकली. हा आकडा वगळला तर योजना तोट्यात जाते. ज्या वारशासाठी लोक विरोध करत होते, त्याच वारशाच्या किमतीवर योजना कागदावर उभी होती. नानांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. "आम्हाला हे सुचलं नाही," म्हणाले.

लढाई नुसती मोर्चांची नव्हती, कागदांची होती. २०१९ मध्ये नियोजन निरीक्षकांच्या पाच जणांच्या मंडळाने सहा महिने दोन्ही बाजू ऐकल्या. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी अहवाल दिला: कायमचं, कधीही भरून न येणारं नुकसान होईल, परवानगी देऊ नका. तरी नोव्हेंबरमध्ये परिवहनमंत्री ग्रँट शॅप्स यांनी परवानगी दिली. मग विरोधकांनी लोकांकडून वर्गणी गोळा करून कोर्ट गाठलं. जुलै २०२१ मध्ये न्यायमूर्ती होलगेट यांनी परवानगी रद्द केली. मंत्र्यांनी परिसरातल्या एकेका प्राचीन जागेवर काय परिणाम होईल ते नीट तपासलं नाही आणि लांब बोगद्यासारख्या पर्यायांचा विचारच केला नाही, ही कारणं. त्याच महिन्यात लिव्हरपूलच्या बंदराला युनेस्कोने यादीतून काढलं होतं, त्यामुळे इथेही धास्ती होती.

लोकांनी पेढे वाटले असतील, पण दोन वर्षांत गाडी पुन्हा तिथेच. जुलै २०२३ मध्ये नव्या मंत्र्यांनी, मार्क हार्पर यांनी, पुन्हा परवानगी दिली. पुन्हा कोर्ट. या वेळी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्याच न्यायमूर्तींनी विरोधकांचं म्हणणं फेटाळलं. अपील चालू राहिलं. खर्चाचा अंदाज तोवर १७० कोटी पाउंडांवरून २५० कोटींपर्यंत चढला होता.

आणि जुलै २०२४ मध्ये या इंग्रजी रस्त्याचा विषय आपल्या दिल्लीत पोचला. युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचं अधिवेशन भारतात पहिल्यांदाच भरलं होतं. स्टोनहेंजला 'धोक्यातील वारसा' यादीत टाकावं असा मसुदा समितीपुढे होता. समितीने तो मानला नाही. इथे विरोधकांची तोंडं पडली. अधिवेशन अजून संपलंही नव्हतं, तोच २९ जुलैला नव्या सरकारच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्‌ज उभ्या राहिल्या आणि तिजोरीतल्या खड्ड्याचं भाषण करता करता एका वाक्यात बोगदा रद्द करून टाकला. परवडत नाही. बस्स. याआधीचा, २.१ किलोमीटरचा बोगदाही २००७ मध्ये याच कारणाने गुंडाळला होता. ऑक्टोबरमध्ये अपील न्यायालयाने विरोधकांचं अपील फेटाळलं, पण तोवर भांडण ज्यावर होतं तेच उरलं नव्हतं. एक कुदळ न मारता १६ कोटी पाउंडांहून जास्त खर्च झाले ते वेगळेच.

म्हणून विरोधक जिंकले असं मी म्हणत नाही. त्यांनी वेळ काढला, आणि त्या वेळात भाव वाढत गेले, एवढं त्यांचं श्रेय. ते थोडं नाही. पण तोंड कुठे उघडावं या प्रश्नाचं उत्तर ना कोर्टाने शेवटचं दिलं, ना दिल्लीने. पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येणारच, हाच आखूड बोगदा फडताळातून झटकून बाहेर काढला जाईल अशी मला भीती वाटते. २०२५ मध्ये आपले बारा मराठा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फटाके फुटले. फोडावेतच. पण यादीत नाव असताना मंत्रालय, तज्ज्ञ, कोर्ट आणि खेडं अशी चौघांची ओढाताण कशी चालते, ती बघायची असेल तर हे प्रकरण आपल्या लोकांनी वाचावं.

माझ्यापुरतं विचाराल तर विंटरबोर्न स्टोकचा बायपास बोगद्यापासून सुटा काढून आधी करायला हवा. गाव वारसा क्षेत्राच्या बाहेर, पश्चिमेला आहे. त्या आजींना दगडांच्या भांडणात ओलीस ठेवायचं काही कारण नाही. त्यांना हे बोलले तर म्हणाल्या, "मी नव्वदीची होईन तोवर चौथा आराखडा येईल." आणि गोळ्यांची पिशवी घेऊन, ट्रक जाईपर्यंत थांबून, मुलाच्या गाडीत बसल्या. शुक्रवारी फोनवरचा नकाशा मला 'श्रूटनमधून जा, अकरा मिनिटं वाचतील' सांगतो. मी ए३०३ वरच थांबते. श्रूटनचे लोकही माझ्याच काउंटरवर येतात, आणि त्यांनी मला तिथून जाताना पाहिलं तर सोमवारी माझं काही खरं नाही.